एका निरोपापायी मालेगाव

मी घाबरणारी बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. गंगापूर रोडवर मी मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी बोलायला लागले, की तिकडे त्र्यंबकेश्वरात लोक म्हणतात, "निकम बाई बाजारात आलेल्या दिसतात." आयुष्यभर मराठी शिकवलं. माझ्या तासाला पंखासुद्धा कुरकुरायचा थांबायचा. एकदा शाळेच्या व्हरांड्यात बिबट्या आला, तेव्हा मी त्याला अंगठे धरून उभं केलं होतं. आमचे हे म्हणतात, ते मांजर होतं. असेना. पण ते जागचं हललं नव्हतं, हे तेही नाकारत नाहीत.

तर अशी मी, नाशिकहून येवला आणि येवल्याहून मालेगाव एवढ्याशा प्रवासात इतकी घाबरले, की परत आल्यावर वजन केलं तर काटा खाली आला होता. ज्यांनी हा रस्ता केलेला नाही त्यांनी माझ्या जिवावर करून घ्यावा.

गंगापूर रोड

निवृत्तीनंतर मी एका संस्थेचं काम घेतलं. ज्यांच्या घरची बोली मराठी नाही अशा मुलीबायकांना ही संस्था मराठी शिकवते. वर्षाच्या शेवटी परीक्षा नाही, पेपर नाही, घंटा नाही. त्याऐवजी प्रत्येकीचा एक डिजिटल पोर्टफोलिओ असतो. म्हणजे वर्षभर मोबाइलवर साठवत गेलेलं तिचं बोलणं आणि लिहिणं. पहिल्या आठवड्यातली तत्तपप्प, मग रिक्षावाल्याशी घातलेली हुज्जत, दवाखान्यातली चिठ्ठी मोठ्याने वाचलेली, हाताने लिहिलेल्या अर्जाचा फोटो. तपासणाऱ्याने ते ओळीने ऐकायचं आणि या बाईची तुलना फक्त तिच्या स्वतःशी करायची. कालची ती कुठे होती, आजची ती कुठे आहे. मालेगावच्या वर्गातल्या बायकांना 'पोर्टफोलिओ' उच्चारायचा कंटाळा, म्हणून त्या त्याला 'पोटली' म्हणतात. मला तो शब्द इतका आवडला, की मीही चोरला.

सगळ्या पोटल्या एका टॅबमध्ये. आणि खरं सांगायचं तर भीतीची सुरुवात त्या टॅबपासूनच झाली. बोट जरा वाकडं पडलं तर एखादीचं वर्षभराचं बोलणं हवेत जाईल, या धास्तीने मी नखं कापून घेतली. संस्थेतला पराग हा संगणकाचं बघतो. त्याने निघताना पुन्हा बजावलं.

"मॅडम, हे कोपऱ्यातलं लाल बटण. कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच दाबायचं. दाबलं की ती पोटली कुलूपबंद होते आणि संध्याकाळी थेट समितीकडे जाते. गंमत म्हणून दाबायचं नाही."

"मी कशाला गंमत करीन?"

त्याने टॅबची काच पुन्हा एकदा पुसली. त्या पुसण्यात अपमान होता. पण टॅब अजून त्याच्या हातात होता, म्हणून मी गिळला.

गुरुवारी सकाळी मिसळ खाऊन मी एसटीत बसले. टॅब जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून बाळंतिणीच्या बाळासारखा छातीशी धरला होता. शेजारच्या बाईने विचारलंसुद्धा, "किती महिन्यांचं?" मी म्हटलं, "वर्षाचं." ती म्हणाली, "झोपाळू दिसतंय." पुढचा रस्ता कांद्याच्या ट्रॅक्टरांमागून गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, डोळ्यांतून पाणी मात्र आलं.

येवला

येवल्याचा वर्ग एका पैठणीवाल्यांच्या घरात पुढच्या खोलीत भरतो. मागच्या खोलीत हातमाग. इकडे 'ळ' घोटला जात असतो आणि तिकडे पदरावर मोर विणला जात असतो. बनारसहून, सुरतेहून लग्न होऊन आलेल्या सुना इथे शिकतात. किरण ही त्या घरातलीच सून, बनारसची. तिच्या पोटलीतला पहिला तुकडा म्हणजे नुसतं "हो" आणि "नाही", तेही चुकीच्या जागी. शेवटच्या तुकड्यांत तिने कांदेवाल्याला असा काही झोडपला होता, की ऐकताना मीच दोन किलो जास्त मागितले असते.

यंदाचा अखेरचा प्रश्न मी स्वतः काढला होता. चांगला प्रश्न आखूड असावा, असं माझं मत आहे. मी काढला होता: 'एक निरोप रेकॉर्ड करा.' बस. किरणने केला होता, "सासूबाई, गॅस संपला. वरण शेजारी लावलंय. आल्यावर ओरडू नका, आधी जेवा." पूर्ण गुण! निरोपात काय झालं, काय करायचं आणि कुणी करायचं, तिन्ही गोष्टी आल्या. एवढंच तर हवं असतं.

मुक्काम तिथेच. सासूबाईंनी केलेली शेवभाजी इतकी जळजळीत होती, की पहिल्या घासाला माझी कानातली वितळली. त्यावर बाजरीची भाकरी आणि त्यावर पाण्याचा हंडा. जेवण झाल्यावर किरण म्हणाली, "मी जाते, दळण घेऊन येते." सासूबाई तिथून कडाडल्या, "जाते काय, जाते काय? सतरांदा सांगितलं, येते म्हणावं!"

किरण माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, जाताना 'येते' म्हणायचं, हे तुमच्या पुस्तकात का नाही?"

मी म्हटलं, पुस्तकात सगळं लिहिलं तर सासवांनी काय करायचं?

शुक्रवारी सकाळी चहा घेता घेता मालेगावची यादी उघडली. त्यात तहसीन होती. उर्दू शाळेत शिकलेली, कॉलेजच्या वयाची मुलगी. तिला नाशिकला नर्सिंगला जायचं होतं. जागा मिळाली होती, फक्त आमचा मराठीचा दाखला जोडायचा बाकी होता. पेशंटशी मराठीत बोलता येतं, असा दाखला. तिची पोटली मी वर्षभर ऐकत आलेय. पहिल्या तुकड्यात नुसतं, "मी तहसीन. मी... मी तहसीन." आणि मग रडायच्या बेतातला श्वास. मधल्या एकात ती नानीला औषधाच्या बाटलीवरचं मराठी वाचून दाखवते आणि नानी मागून म्हणते, "पढ, पढ, मेरी डॉक्टरनी." तिला मी कधी पाहिलं नव्हतं. पण तिचा आवाज गर्दीतून ओळखला असता.

यादीत प्रश्न दिसत नाही. नाव दिसतं आणि खाली 'अखेरचा तुकडा'. मी दाबलं.

"मी जाते," तहसीन म्हणाली. हळू, एकेक शब्द तोलून. "परत येईन की नाही, ते अल्लाहला माहीत. माझं सांगितलं-ऐकलं माफ करा. कुणाचं मन दुखावलं असेल, तर माफ करा. माझ्यासाठी रडू नका. माझ्या बकरीला चारा घाला. आता सगळ्यांना सलाम."

मग कुणीतरी हुंदका दिल्याचा आवाज. मग काही नाही.

चहावर साय धरली. मागच्या खोलीतला माग ठक्‌ठक करत होता, तो माझ्या छातीत चालू आहे असं वाटायला लागलं. मी पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर आणखी वाईट वाटलं, कारण आता 'सांगितलं-ऐकलं' लक्षात आलं. म्हणजे कुणीतरी पोरीला काहीतरी सांगितलं, तिने ते ऐकून घेतलं, आणि आता ती... मला पुढचा शब्द मनातसुद्धा म्हणवेना.

तिला फोन लावला. बंद. वर्ग घेणाऱ्या आरेफा आपांना लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, कुणी उचलला नाही. ह्यांना लावला.

"अहो, एका पोरीच्या जिवाचं बरंवाईट होतंय. मला आत्ता मालेगावला जायला हवं."

पलीकडे ह्यांनी वर्तमानपत्राची घडी घातल्याचं ऐकू आलं. "खरंच, की तुझ्या पद्धतीने?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की जन्मभर बिबटे उभे केल्याचं फळ काय असतं. परागला लावला, तर तोही तेच. "मॅडम, नक्की?" मी म्हटलं, नक्की. माझा आवाज इतका बारीक निघाला, की त्यानेच घाबरून म्हटलं, "मग दाबा."

मी लाल बटण दाबलं. तहसीनच्या नावावर कुलपाचं चित्र आलं.

येवला ते मालेगाव

मनमाडवरून जाणारी एसटी मिळाली. एरवी ह्या रस्त्यावर अंकाई-टंकाईचे किल्ले दिसले की मी गाडीभर ऐकू जाईल असा इतिहास सांगते, त्यातला बराचसा तिथेच सुचलेला. त्या दिवशी किल्ले आले नि गेले, मी तोंड उघडलं नाही. मनमाडजवळ ती हडबीची शेंडी दिसते, आभाळात अंगठा वर केल्यासारखा सुळका. सगळे तिला बघून हसतात. मला वाटलं, कुणीतरी जमिनीतून हात वर काढलाय. बुडणाऱ्याचा.

डोक्यात एकच चाललं होतं. हे कधीचं रेकॉर्ड आहे? दोन दिवसांपूर्वीचं. दोन दिवस ते माझ्या टॅबमध्ये पडून होतं, आणि मी शेवभाजी खात होते.

मनमाडला शेजारी एक म्हातारी येऊन बसली. मांडीवर कोथिंबिरीचं गाठोडं. बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाली, "काय व्हयनं व माय? तोंड काबरं उतरेल शे?"

अहिराणी. मी शहरातली असले तरी एवढं कळतं. म्हटलं, "काही नाही. मालेगावला चाललेय."

"मालेगावले कोन शे तुनं?"

"एक पोर आहे."

"तुनी?"

"माझी नाही. कधी पाहिली पण नाही. वर्षभर नुसता आवाज ऐकतेय तिचा."

म्हातारीने विचार केला. गाठोड्यातून चार काड्या कोथिंबीर काढून माझ्या हातात दिली, आजाऱ्याला देतात तशी. "मंग तुनीच शे," ती म्हणाली.

मी कोथिंबीर धरून रडले. लोक बघत होते. बघू देत.

आता परागचं ते 'संध्याकाळी थेट समितीकडे' आठवलं. कुलूप लावताना मी फक्त पोरीच्या जिवाचा विचार केला होता. पण ती सुखरूप असली तर? परागने बसमध्येच फोन करून सांगितलं, "मॅडम, ती सापडली की तिथेच तिचं नवं रेकॉर्डिंग घ्या आणि जोडा. संध्याकाळच्या आत. एकदा समितीकडे गेलं, की चौकशी होईपर्यंत दाखला नाही. आणि दाखल्याशिवाय तिची नर्सिंगची जागा थांबणार नाही." म्हणजे पोरगी गेली असेल तरी पाप माझं, आणि नसेल तरी माझंच. अशा हिशोबात मी कधी अडकले नव्हते.

मालेगाव

मालेगाव मी आधी ऐकलंय. बघितलंय असं म्हणत नाही, कारण यंत्रमागांच्या खडखडाटात डोळे काम करत नाहीत, फक्त कान करतात. गल्लीगल्लीतून लूम चालतात. तिथली माणसं कुजबुजतात ती आपल्याकडच्या भाषणाएवढ्या आवाजात. मोसम पुलावर उतरेपर्यंत मी कानात कापूस घालायच्या तयारीत होते.

रिक्षा केली. एका गोष्टीची इथे नोंद करायला हवी, की माझं हिंदी हे हिंदी नाही. ते मराठीच आहे, फक्त घाबरलेलं.

"भाऊ, जल्दी हाको. एक लडकी का जीव का प्रश्न है."

"कहाँ, बाजी?"

मी पत्ता दाखवला. म्हटलं, "उधर कुछ बरा-वाईट हुआ है क्या? तुमने ऐकलं क्या?"

त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. हातातली कोथिंबीर बघितली. मग न बोलता अशी रिक्षा मारली, की एक सायकल, दोन कोंबड्या आणि माझा आत्मा, तिघेही वाटेत सुटले.

गल्लीच्या तोंडाशी त्याने इंजिन बंद केलं. खडखडाट नव्हता. एकही लूम चालत नव्हता. अख्ख्या मोहल्ल्यात चिडीचूप. दारं ओढलेली, माग थांबलेले. ज्या गावात लग्न, बाळंतपण, भांडण, काही झालं तरी माग थांबत नाही असं ऐकलं होतं, तिथे सगळं थांबलं होतं. आपल्याकडे कुणी मोठं माणूस गेलं तरच दुकानं अशी बंद होतात.

पुढे गेले. हिरव्या दाराचं घर. आरेफा आपांनी पत्त्यात तेच लिहिलं होतं. आणि दाराबाहेर चपला. डोंगर होता चपलांचा. बायकांच्या, पोरांच्या, म्हाताऱ्यांच्या. आतून उदबत्तीचा वास आणि अनेक बायका हळू आवाजात एकत्र काहीतरी वाचताहेत. दाराशी बांधलेली एक बकरी, म्हशीएवढी, माझ्याकडे बघून ओरडली. तिच्यापुढे चारा होता. कुणीतरी घातला होता.

म्हणजे तिची शेवटची इच्छा पाळली होती.

मी त्या चपलांच्या ढिगातच बसले आणि माझा जो मूळचा आवाज आहे, जो सकाळपासून हरवला होता, तो त्या क्षणी परत आला. "अगं माझ्या बाई गं! तहसीन गं! मला एक फोन तरी करायचास गं!"

आतलं वाचणं थांबलं. दारात बायकांचे चेहरे गोळा झाले, सगळ्यांच्या डोक्यावर ओढण्या. कुणीतरी म्हणालं, "या अल्लाह, ये कौन है?" त्यातून वाट काढत एक सडसडीत मुलगी पुढे आली. हातात जर्द्याचं ताट, गोड केशरी भाताचं. ती खाली वाकली.

"मॅडम, तुम्ही का रडता?"

तो आवाज. मी वर बघितलं. माझ्या मनात आलं, की भूत आहे, आणि भुताने 'रडता' नीट म्हटलंय, 'रडते' नाही. बघा, सवय कशी असते. मी तिचा दंड दाबून बघितला. गरम होता.

"तू गेली नाहीस?"

"कुठे?"

"तूच म्हणालीस ना, मी जाते! रडू नका म्हणालीस, बकरीला चारा घाला म्हणालीस!"

तहसीन ताट धरून उभी राहिली. मग तिच्या मागून आरेफा आपा आल्या. हिच्याच वर्गाच्या, माझ्याच वयाच्या, चष्मेवाल्या. त्यांनी मला ओळखलं आणि कपाळावर हात मारला. "मॅडम, फोन पर्स में था, सायलेंट पे. यहाँ पढ़ाई चल रही थी, लड़कियों के फोन बंद।"

"पढाई?"

"कुरान की. नानी उमरे को जा रही हैं। आज शाम निकलेंगी।"

मी आत बघितलं. पलंगावर एक छोटीशी म्हातारी पांढऱ्या ओढणीत बसली होती. सगळ्या गल्लीने तिला निरोप द्यायला गर्दी केली होती. मक्केला निघालेली म्हातारी. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होती.

"आणि माग का बंद आहेत?" मी विचारलं. एवढ्यात हार मानायची माझी पद्धत नाही.

"मॅडम, आज शुक्रवार आहे," तहसीन म्हणाली. "आमची सुट्टी शुक्रवारी असते. तुम्ही रविवारी आला असता, तर तुमचं रडणं कुणाला ऐकू आलं नसतं."

बायका हसल्या. मग तहसीनने मला आत नेलं, पाणी दिलं आणि मुळात काय झालं होतं ते सांगितलं. मी ते ऐकत असताना आधी थंड झाले, मग लाल झाले.

माझा प्रश्न: 'एक निरोप रेकॉर्ड करा.' तहसीनने आरेफा आपांना विचारलं, निरोप म्हणजे काय? आपांनी शब्दकोश बघितला. त्यात होतं, 'निरोप घेणे: रुखसत होना.' दुसरा अर्थ, सांगावा, मेसेज, तो पुढच्या पानावर गेला होता. घरात त्या आठवड्यात एकच रुखसती चालू होती, नानीची. लांबच्या प्रवासाला निघालेलं माणूस इथे घरोघर जाऊन म्हणतं, "कहा-सुना माफ करना." काही बोलले असेन, काही ऐकवलं असेल, तर मनात ठेवू नका. परत येईन की नाही, कुणाला माहीत. तहसीनने नानीचं बोलणं कानात साठवलं, एकेक शब्द मराठीत फिरवला. 'कहा-सुना'चं झालं 'सांगितलं-ऐकलं'. बकरी नानीची. हुंदका अम्मीचा, कारण अम्मी मागे बसून ऐकत होती.

"चूक झाली, मॅडम?" तहसीनने विचारलं.

आता मी काय सांगू? 'निरोप' म्हणजे सांगावा आणि 'निरोप' म्हणजे जाणं, हे दोन्ही एकाच शब्दात कोंबणारी भाषा आमची. आणि तो शब्द एकटा, बिनकपड्यांचा, प्रश्नात उभा करणारी मी. मी म्हटलं, "चूक भाषेची आहे. तिच्याशी मी घरी जाऊन बोलते."

पण कुलूप होतं. मी तिला सगळं सांगितलं: लाल बटण, समिती, संध्याकाळ. तिचा चेहरा उतरत गेला. खोलीतलं हसणं थांबलं. अम्मीने उर्दूत काहीतरी विचारलं, तहसीनने उत्तर दिलं, आणि मला उर्दू येत नसताना मला नेमका 'नर्सिंग' एवढा शब्द कळला. मला वाटलं, पोरीला वाचवायला आले आणि मीच तिला बुडवलं.

परागला फोन केला. तो म्हणाला, "जुनं काढून टाकू का? नवं तेवढं राहील. कुणाला कळणार नाही."

"काढू नका," तहसीन म्हणाली. फोन स्पीकरवर होता. "पहिलं राहू द्या. मग दुसरं. मी काय समजले होते आणि मग काय समजले, ते दिसलं पाहिजे ना? पोटली म्हणजे तेच ना?"

पराग म्हणाला, "राहू दे." मीही तेच म्हटलं. संस्थेचे कागद मी वर्षभर वाचले, हे वाक्य कुणाला लिहायला सुचलं नव्हतं.

"मग आता खरा निरोप कर," मी म्हटलं. "सांगावा. कुणालातरी खरंच पोचवायचा."

"कुणाला?"

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजायला लागला, पाचव्यांदा. तहसीनने माझ्याकडे बघितलं आणि टॅब हातात घेतला. कागद नाही, तयारी नाही. घसा साफ करून सुरू.

"नमस्कार. निकम काकांसाठी निरोप आहे. मी मालेगावहून तहसीन बोलतेय. मॅडम सुखरूप आहेत. त्या आमच्या दारात चपलांवर बसून रडल्या, पण इथे कुणी मेलेलं नाही. बकरी लहान आहे, तिने मॅडमना काही केलं नाही. मॅडमनी दोन वेळा जर्दा घेतला. त्यांच्या चपला कुणीतरी घालून गेलं, म्हणून त्या माझ्या गुलाबी चपला घालून येतील. तुम्ही हसू नका. काळजी करू नका. जेवून घ्या."

मी ते ह्यांनाही पाठवलं आणि पोटलीतही जोडलं. ह्यांचं उत्तर लगेच आलं: "तुझ्या प्रवासाबद्दल पहिल्यांदाच काहीतरी विश्वासार्ह ऐकलं."

कुलपाचं चित्र तसंच. आम्ही सगळ्या टॅबभोवती बसलो, मी, तहसीन, आपा, अम्मी, गल्लीतल्या निम्म्या बायका. दालचा आणि भात आला. मी पहिल्यांदा असं काही जेवले, की चव कळली नाही. बाहेर जीप येऊन थांबली, नानीच्या बॅगा निघायला लागल्या, आणि तेव्हा कुठे परागने तिकडून कुलूप उघडलं. आवाज नाही, काही नाही. चित्र होतं, चित्र गेलं. अम्मीने बोटं मोडून टॅबची दृष्ट काढली.

"मॅडम," तहसीन हळूच म्हणाली, "तुमच्या हिंदीची पण पोटली आहे का? रिक्षावाला बाहेर सगळ्यांना सांगतोय."

नानी उठली. आता रांगेने एकेकीच्या गळ्यात पडणं सुरू झालं. "कहा-सुना माफ." "माफ, नानी, माफ." म्हातारी थरथरत होती. मला वाटलं वयामुळे. पण माझ्यासमोर आली तेव्हा तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि कानात म्हणाली, "बेटी, मेरे को जहाज का डर लगता है।"

सकाळपासून मी भीतीत होते, म्हणून मला ती लगेच ओळखू आली. सगळे तिला असे भेटत होते, जणू ती परत यायची नाही. एवढ्या वेळा माफ केल्यावर कुणालाही धडकी भरेल.

"नानी," मी म्हटलं, "हमारे में जाता है नहीं बोलते. जाते वक्त बोलते, येते. मतलब आती हूँ."

"जाते वक्त?"

"जाते वक्त."

नानीने ते तोंडात घोळवून बघितलं. "एते." तहसीन म्हणाली, "ये-ते, नानी." नानीने मान हलवली, जीपच्या पायरीवर पाय ठेवला, वळली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "येते!"

मग पोरंटोरं, बायका, रिक्षावाला, सगळे ओरडले, "येते! येते!" खोटं सांगत नाही, बकरीसुद्धा.

पुन्हा गंगापूर रोड

गुलाबी चपलांचं ह्यांनी काय केलं ते सांगत नाही. तहसीनला दाखला मिळाला.

पण भीती माझ्याबरोबर आली होती. दिवसा भाजी निवडताना मला एकदम ती पायरी आठवायची. मी एका अनोळखी म्हातारीला माझ्या भाषेच्या वतीने शब्द देऊन बसले होते. 'येते' म्हणून गेलेली सगळी माणसं येतात का? माझी आईही येते म्हणूनच दवाखान्यात गेली होती. हे मी त्या गल्लीत कुणाला सांगितलं नाही. वर्तमानपत्रात विमानाचं चित्र आलं, की मी पान उलटायचे. फोन वाजला, की ह्यांना उचलायला लावायचे. ह्यांना वाटलं, मी गुलाबी चपलांचे पैसे चुकवतेय.

मग एक दिवस दुपारी टॅब वाजला. तहसीनच्या पोटलीत नवा तुकडा. तपासणी संपून गेली होती, दाखला हातात पडला होता, आता कशाला? नावाखाली यंत्राने आपल्या मनाने लिहिलं होतं: 'अखेरचा तुकडा'.

माझं बोट पुढे जाईना. "अहो, तुम्ही दाबा."

ह्यांनी चष्मा लावला आणि दाबलं.

आधी खडखडाट. यंत्रमागांचा, पुरा, आभाळ फाडणारा, शुक्रवार नसलेला. मग कुणीतरी दार लावलं असावं, आवाज कमी झाला. मग एक खोकला. मग म्हातारा, घोगरा, विमानाला न घाबरलेला आवाज.

"मॅडम. आले."

नियमाप्रमाणे हा तुकडा तहसीनचा नाही, आणि नानीचं नाव आमच्या वर्गात नाही. त्यामुळे त्याला गुण देता येत नाहीत.

मी दिले.